सामू वाचायचा कसा: रक्तात, मातीत आणि तळ्याच्या पाण्यात

ऑगस्ट १९५२. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण एकामागून एक येत होते. ज्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडले होते त्यांच्या रक्ततपासणीत एक विचित्र गोष्ट दिसे: बायकार्बोनेट खूप वाढलेलं. बायकार्बोनेट म्हणजे आम्लारी, तेव्हा रक्त अल्कधर्मी झालं असणार, असा सरळ अर्थ डॉक्टर लावत होते. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने तो अर्थ उलटा केला. श्वास अपुरा पडतोय, कार्बन डायऑक्साइड आत साचतोय, रक्त आम्लधर्मी होतंय आणि बायकार्बोनेट वाढलंय ते त्याच साचण्यामुळे, असं त्याचं म्हणणं होतं. श्वासनलिकेला छेद देऊन, नळी घालून, हाताने रबरी पिशवी दाबत त्याने रुग्णांना श्वास द्यायला लावला. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून त्या पिशव्या दाबत बसले. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. त्याच रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत पॉल आस्ट्रुप यांनी सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा) आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हाताशी ठेवणारी मोजणीची पद्धत पुढे घडवली. आज अतिदक्षता विभागात होणाऱ्या ब्लड गॅस तपासणीचं मूळ तिथे आहे.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण सामूच्या बाबतीत आपण सगळे तीच चूक करतो. एक आकडा दिसतो आणि आपण त्यालाच दुरुस्त करायला धावतो. रक्त असो, माती असो वा मत्स्यटाकी, सामू हा आम्ल आणि आम्लारी अशा कुठल्या तरी जोडीच्या तोलाचा निकाल असतो. निकाल बदलण्याआधी जोडी बघायची. ती कशी बघायची, ते पायरीपायरीने पाहू.

पायरी १: आकड्याची पट्टी डोक्यात बसवा

सामू, म्हणजेच पीएच, ही कल्पना १९०९ साली डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ते विकरांवर (एन्झाइमांवर) काम करत होते आणि हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात शून्यांची भली मोठी रांग लिहावी लागत होती. त्यांनी लॉगचा आधार घेतला. त्यामुळे लिहिणं सोपं झालं, पण वाचणारा फसायला लागला.

फसगत दोन ठिकाणी होते. पट्टी उलटी आहे: आम्ल वाढलं की सामू उतरतो. आणि पट्टी गुणाकाराची आहे: एक अंक खाली म्हणजे हायड्रोजन आयन दहापट, ०.३ खाली म्हणजे दुप्पट. म्हणून रक्ताच्या बाबतीत मी सामूऐवजी सरळ हायड्रोजन आयनांच्या नॅनोमोलमध्ये (मोलच्या अब्जाव्या भागात) विचार करायला सांगतो. हे पाच आकडे पाठ करा:

७.४ म्हणजे लिटरला ४० नॅनोमोल
७.३ म्हणजे ५०
७.२ म्हणजे ६३
७.१ म्हणजे ७९
७.० म्हणजे १००

७.४ वरून ७.१ वर येणं कागदावर किरकोळ दिसतं. प्रत्यक्षात हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात. शरीरातलं सोडियम किंवा साखर इतक्या वेळात दुप्पट झाली तर आपण हादरून जाऊ.

अजून एक बारकावा. ‘७ म्हणजे उदासीन’ हे २५ अंश सेल्सिअसला खरं. ३७ अंशांना शुद्ध पाण्याचा उदासीन बिंदू ६.८ च्या आसपास असतो. म्हणूनच थंड रक्ताच्या प्राण्यांचं शरीर गार पडलं की त्यांच्या रक्ताचा सामू आपोआप थोडा चढतो, दर अंशाला साधारण ०.०१५ ने. तो आजार नसतो. पाण्याची उदासीनता सरकते आणि त्यांचं रक्त तिच्याबरोबर सरकतं.

पायरी २: इतक्या लहान बदलाने बिघडतं काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची दुमडलेली माळ. ती कशी दुमडेल हे बऱ्याच अंशी माळेवरच्या विद्युतभारांवर ठरतं आणि भार ठरतो हायड्रोजन आयन चिकटलाय की सुटलाय यावर. हिस्टिडिन नावाच्या अमिनो आम्लाचा हा बदल सामू ६ ते ७ च्या टप्प्यात होतो, नेमका सजीवांच्या कामाच्या पट्ट्यात. त्यामुळे कितीतरी विकरांच्या क्रियास्थळी हिस्टिडिन बसलेलं सापडतं. ते सामूचं चढणं-उतरणं लगेच ओळखतं.

पेप्सिन जठरात सामू २ च्या आसपास जोमाने काम करतं. तेच लहान आतड्यात उतरून ७ च्या वर गेलं की निकामी होतं. तिथे ट्रिप्सिन हाती घेतं, त्याला ८ च्या जवळचा सामू मानवतो. पेशीच्या आतही एकच सामू नसतो. पेशीद्रव ७.२ च्या जवळ, कचरा पचवणाऱ्या लायसोसोमच्या आत ४.५ ते ५. लायसोसोम फुटलं तरी त्यातली बरीच विकरं पेशीद्रवात मंदावतात, कारण त्यांना हवा असलेला आंबटपणा तिथे नसतो. ही सोय मला नेहमीच फार हुशार वाटत आली आहे.

आणि हा फरक केवळ सहन केला जात नाही, तो कामाला लावला जातो. मायटोकाँड्रिया आतल्या पडद्यातून हायड्रोजन आयन बाहेर ढकलतात आणि ते परत आत येताना एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं, धरणाच्या भिंतीतून पाणी सोडून वीज करावी तसं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये हे मांडलं तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. १९७८ मध्ये नोबेल मिळालं.

पायरी ३: मोजणी नीट करा, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ

आधी एक प्रयोग. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्बन डायऑक्साइड हे आम्ल आहे यावर मन बसत नाही. पेलाभर पाण्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे काही थेंब टाका. ७.६ च्या वर तो निळा, ६ च्या खाली पिवळा, मध्ये हिरवा. पाणी निळं दिसत नसेल तर खायच्या सोड्याचा अगदी एक कण टाका. आता नळीने हळूहळू फुंकर मारा. फुंकायचं फक्त, ओढायचं नाही. मिनिटभरात निळ्याचं हिरवं, मग पिवळं होतं. जागेवर चार उड्या मारून आलात तर आणखी लवकर. मग त्या पिवळ्या पाण्यात जलवनस्पतीची एक फांदी टाकून पेला झाकून उन्हात ठेवा. काही तासांनी निळा परत येतो, कारण वनस्पतीने कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकलेला असतो. पेला अंधारात ठेवला तर रंग परतत नाही. या एका पेल्यात फुप्फुस आणि तळं दोन्ही आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

आता मीटर. काचेचा इलेक्ट्रोड हायड्रोजन आयनांच्या फरकाचं व्होल्टेज देतो, २५ अंशांना दर सामूअंकाला सुमारे ५९ मिलिव्होल्ट. हे व्होल्टेज तापमानावर बदलतं, म्हणून नमुना आणि बफर द्रावण (ज्याचा सामू आधीच ठाऊक असतो) एकाच तापमानाला असू द्या. वापरण्याआधी दोन बफरांनी कॅलिब्रेट करा: आधी ७, मग नमुना आम्लधर्मी असेल तर ४, अल्कधर्मी असेल तर १०. इलेक्ट्रोड पुसायचा नाही, टिपकागदाने फक्त पाणी टिपायचं. घासलं की स्थिर विद्युतभार चढतो आणि आकडा नाचत राहतो. ठेवायचा तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, साधारण ३ मोलर. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कधीच नाही, त्याने आतले क्षार झिरपून जातात. मी शिकाऊ असताना ‘स्वच्छ राहावा’ म्हणून आठवडाभर इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवला होता आणि नंतर प्रत्येक आकडा स्थिर व्हायला पाच-पाच मिनिटं का लागतायत म्हणून मीटरला शिव्या घातल्या होत्या.

कागदी पट्ट्या वाईट नसतात, पण त्या अर्ध्या अंकाच्या आसपासची गोष्ट सांगतात. मातीचा अंदाज घ्यायला चालतील. रक्ताला मुळीच नाही.

पायरी ४: शरीरातले तीन पहारे ओळखा

गणित आधी ऐका. पेशींबाहेरच्या साधारण १५ लिटर द्रवात मोकळे हायड्रोजन आयन सगळे मिळून ०.०००६ मिलिमोल असतात. रोजच्या आहारातून आणि चयापचयातून तयार होणारं, श्वासावाटे न जाणारं आम्ल सुमारे ७० मिलिमोल. म्हणजे साठ्याच्या लाखपट आम्ल रोज आत येतं. याशिवाय १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड. तरीही सामू ७.३५ ते ७.४५ च्या गल्लीतून हलत नाही.

पहिला पहारा बफरांचा, काही सेकंदांत हजर होणारा. बफर म्हणजे दुबळं आम्ल आणि त्याची जोडीदार आम्लारी. आम्ल आलं की आम्लारी ते उचलते, आम्लारी आली की आम्ल आपला हायड्रोजन सोडून देतं. हिमोग्लोबिन, प्रथिनं, फॉस्फेट हे सगळे बफर आहेतच, पण मुख्य जोडी बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइडची. पाठ्यपुस्तकी नियम लावला तर ही जोडी खरं तर नापास व्हावी. बफर आपल्या पीकेएच्या, म्हणजे ज्या सामूला जोडीतले दोघे समसमान असतात त्याच्या, जवळ उत्तम चालतो, या जोडीचा पीकेए ६.१ आणि रक्त ७.४ वर. मग ती चालते कशी? कारण तिची दोन्ही टोकं उघडी आहेत. एक टोक फुप्फुसं हाताळतात, दुसरं मूत्रपिंड. बंद बाटलीत ही जोडी लवकर हरली असती.

लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये या जोडीचं समीकरण मांडलं, हॅसेलबाल्क यांनी त्याला लॉगचं रूप दिलं. आकडे घालून बघा: बायकार्बोनेट लिटरला २४ मिलिमोल, कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिलिमीटर पारा, त्याला ०.०३ ने गुणलं की विरघळलेला वायू १.२. चोवीस भागिले एक पूर्णांक दोन म्हणजे २०. विसाचा लॉग १.३. त्यात ६.१ मिळवा: ७.४. सगळी मेख त्या २० मध्ये आहे. बायकार्बोनेट निम्मं झालं आणि कार्बन डायऑक्साइडही निम्मा झाला तर सामू जागचा हलत नाही. रुग्ण मात्र गंभीर असू शकतो.

दुसरा पहारा फुप्फुसांचा, मिनिटांचा. रक्त आंबट झालं की श्वास खोल आणि जोरात होतो. मधुमेहाच्या अत्यवस्थ रुग्णांमध्ये हा खोल श्वास आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये नोंदवला, तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. उलट घाबरून कुणी भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन जास्त कॅल्शियम पकडून ठेवतं, मोकळं कॅल्शियम घटतं आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात.

तिसरा पहारा मूत्रपिंडांचा. सावकाश, काही दिवसांचा, पण हिशोब चुकता करणारा हाच. रोज १८० लिटर गाळलेल्या द्रवातून सुमारे ४३०० मिलिमोल बायकार्बोनेट ही मूत्रपिंडं परत उचलतात. आणि वर सांगितलेले ७० मिलिमोल आम्ल बाहेर कसं टाकतात? लघवीचा सामू ४.५ च्या खाली जात नाही. मोकळ्या हायड्रोजन आयनांच्या रूपात ७० मिलिमोल काढायचे तर रोज २,००० लिटरहून जास्त लघवी लागेल! म्हणून ते आयन फॉस्फेट आणि अमोनियाच्या पाठीवर बसवून बाहेर पाठवले जातात. आम्ल वाढलं की मूत्रपिंड ग्लुटामिन या अमिनो आम्लापासून जास्त अमोनिया बनवायला लागतं, पण त्याला पुरता वेग यायला चार-पाच दिवस लागतात.

पायरी ५: ब्लड गॅसचा कागद वाचायचा क्रम

हे समजून घेण्यासाठी आहे. उपचार डॉक्टरांनीच ठरवायचे. पण घरचं माणूस अतिदक्षता विभागात असताना कागदावर काय चाललंय हे कळलं तर प्रश्न नेमके विचारता येतात.

कागद हातात आला की आधी तो आपापसात जुळतो का ते पाहा. चोवीसला कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने गुणा, बायकार्बोनेटने भागा. नॅनोमोलमध्ये हायड्रोजन आयन मिळतात. पहिल्या पायरीतल्या पाच आकड्यांशी ताडून बघा. फार तफावत असेल तर नमुना किंवा नोंद चुकली आहे, पुढे जाऊ नका.

समजा कागदावर आहे: सामू ७.२७, कार्बन डायऑक्साइड २५, बायकार्बोनेट ११. चोवीस गुणिले पंचवीस भागिले अकरा म्हणजे साधारण ५४ नॅनोमोल. ५० आणि ६३ च्या मध्ये, जुळतं. सामू कमी, म्हणजे रक्त आंबट. आता दोषी कोण? कार्बन डायऑक्साइड कमी आहे, म्हणजे फुप्फुसं आम्ल बाहेरच टाकतायत, दोषी ती नाहीत. बायकार्बोनेट घसरलंय. म्हणजे हा चयापचयाचा आम्लविकार.

पुढचा प्रश्न: फुप्फुसं पुरेशी धावतायत का? बायकार्बोनेटला दीडने गुणा, आठ मिळवा. १६.५ अधिक ८ म्हणजे २४.५. दोन इकडे-तिकडे चालतं. प्रत्यक्षात २५ आहे, म्हणजे श्वास बरोबर वाढलाय. हाच आकडा ४० असता तर सामू ७.०६ वर कोसळला असता. एवढा फरक हा माणूस धापा टाकून भरून काढतोय. म्हणूनच अशा रुग्णाला झोपेचं औषध देऊन व्हेंटिलेटर ‘नेहमीच्या’ वेगावर लावला तर काही मिनिटांत घात होऊ शकतो. दिसत होता तो सामू रुग्णाने मेहनतीने कमावलेला होता आणि आपण ती मेहनतच बंद केली.

आता तिसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात रंजक. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करा. याला अॅनायन गॅप म्हणतात, सर्वसाधारणपणे ८ ते १२. सोडियम १३८, क्लोराइड १०० असेल तर गॅप २७. म्हणजे कुठलं तरी नवं आम्ल रक्तात शिरलंय: कीटोन, लॅक्टिक आम्ल, निकामी मूत्रपिंडाने साठवलेली आम्लं किंवा एखादं विष. पण क्लोराइड ११७ असेल तर गॅप १०. नवं आम्ल कुणी आणलेलंच नाही. बायकार्बोनेटच बाहेर गेलंय, बहुधा जुलाबांतून, आणि जागा क्लोराइडने भरलीय. पहिले तीन आकडे अगदी तेच, कारण मात्र पूर्ण वेगळं आणि उपायही.

याच्या शेजारी दुसरा कागद ठेवा: सामू ७.२६, कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट २६. सामू जवळपास तोच. पण इथे दोष श्वासाचा. दाब ताजा वाढलेला असेल तर दर दहामागे बायकार्बोनेट एकने वाढतं, जुना असेल तर साडेतीन-चारने. ४० वरून ६० म्हणजे दोन दहा; २४ चं २६ झालंय, म्हणजे प्रकार ताजा आहे. हेच बायकार्बोनेट ३१-३२ असतं तर मूत्रपिंडांनी बरेच दिवस काम केलंय असं कळलं असतं. इब्सेनने वाचला तो याच जातीचा कागद. या रुग्णाला हवी ती श्वासाची मदत. फक्त सामू वर आणायला बायकार्बोनेट देणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जरा पोट, दात आणि ‘अल्कलाइन’ पाणी

ज्या प्रश्नांचा मला कंटाळा आलाय ते इथे एकत्र उरकतो. सामू ९ चं पाणी पिऊन रक्त अल्कधर्मी होतं का? सामू १.५ चा एक मिलिलिटर जठररस असल्या साध्या, बफर नसलेल्या तीन लिटर पाण्याला उदासीन करायला पुरेसा आहे. रक्तापर्यंत काही पोचलंच तर तीन पहारे बसलेले आहेतच. लघवीचा सामू आहाराने बदलतो, हे खरं. ती मूत्रपिंडं काम करत असल्याची पावती आहे.

दातांचं मात्र मनावर घ्या. इनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागतं. गोड खाल्ल्यावर तोंडातले जिवाणू काही मिनिटांत सामू या रेषेखाली नेतात आणि लाळेला तो परत वर आणायला अर्धा-एक तास लागतो. त्यामुळे किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. आंबट पेयानंतर लगेच ब्रश करू नका. मऊ झालेलं इनॅमल खरवडून निघतं. आधी चूळ, ब्रश नंतर.

जठराच्या आंबटात कुणी जगूच शकत नाही, असं बराच काळ मानलं जाई. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोवती आम्ल मारून टाकतो आणि मजेत राहतो. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचं द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं.

पायरी ६: मातीचा सामू, आणि त्यामागचा साठा

शेतात पाच-सहा ठिकाणची, मुळांच्या खोलीची माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, चाळा. एक भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर. ढवळा, अर्धा तास ठेवा, पुन्हा ढवळून मोजा. प्रमाण दरवेळी तेच ठेवा, कारण पाणी बदललं की आकडा बदलतो.

६ ते ७.५ च्या मध्ये बहुतेक पिकांना अन्नद्रव्यं सहज मिळतात. ५.५ च्या खाली उतरलं की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं जाळतं; मुळं आखूड, जाड, काटक्यांसारखी दिसतात. ७.५ च्या वर लोह अडकून बसतं. फेरिक लोहाची विद्राव्यता सामूच्या दर अंकाला हजारपटीने घटते. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या राहिल्या की ओळखा. अशा जमिनीत साधं लोहाचं खत टाकलं तर तेही काही दिवसांत अडकतं. फवारणीतून किंवा चिलेटच्या रूपात (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणाऱ्या संयुगात) दिलं तरच उपयोग.

आता जोडीकडे. दोन जमिनी, दोन्हींचा सामू ५.२. एक रेताड, दुसरी चिकण आणि सेंद्रिय पदार्थांनी भरलेली. मीटर पाण्यातले मोकळे हायड्रोजन आयन मोजतो. पण मातीच्या कणांवर चिकटून बसलेला साठा त्याच्या कितीतरी पट असतो आणि चिकण मातीत तो खूप मोठा. चुना टाकला की आधी पाण्यातलं आम्ल संपतं, मग साठ्यातून नवं बाहेर येतं. म्हणून त्याच सामूला चिकण जमिनीला रेताडपेक्षा कितीतरी जास्त चुना लागतो. फक्त सामू सांगून चुन्याची मात्रा विचारणाऱ्याला उत्तर देता येत नाही. प्रयोगशाळेत बफर द्रावणाने चुन्याची गरज वेगळी काढावी लागते. रेताड जमिनीत चिकण जमिनीएवढा चुना टाकला तर सामू ८ च्या पुढे उडतो आणि लोह, जस्त, मँगनीज तिन्ही हातचे जातात.

मूळ स्वतःही सामू बदलतं. अमोनियम उचलताना ते हायड्रोजन आयन सोडतं, म्हणून अमोनियम खतांनी जमीन वर्षागणिक आंबट होत जाते. नायट्रेट उचलताना उलट. मुळापासून काही मिलिमीटरवर सामू शेताच्या सरासरीपेक्षा वेगळा असू शकतो.

पायरी ७: पाणी, आणि माझी मत्स्यटाकी

तळ्याचा सामू कधी मोजला हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. रात्रभर सगळे श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साचतो, पहाटे सामू सगळ्यात कमी. दिवसभर शेवाळ तो खातं, दुपारी तिसऱ्या-चौथ्या प्रहरी सामू सगळ्यात जास्त, हिरव्यागार तळ्यात ९ च्याही वर. पेल्यातला प्रयोग आठवा. म्हणून पहाटे आणि दुपारी, दोनदा मोजा. फरक मोठा असेल तर पाण्यात बफर कमी आहे किंवा शेवाळ फार आहे.

माशांना सामूपेक्षा त्याच्यासोबत येणारा अमोनिया जास्त मारतो. अमोनियम आयन फारसा अपाय करत नाही, मोकळा अमोनिया कल्ल्यांतून शिरतो. २५ अंशांना सामू ७ वर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का मोकळा असतो, ८ वर सुमारे ५ टक्के, ९ वर ३६ च्या आसपास. सकाळी सुखरूप असलेलं पाणी दुपारी विष होतं, अमोनिया कणभरही न वाढता.

समुद्रही याच जोडीवर चालतो. औद्योगिक काळाच्या सुरुवातीपासून त्याच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आलाय. लॉगची पट्टी लावली की हायड्रोजन आयन चौथ्या हिश्श्याहून जास्त वाढले. हे आयन कार्बोनेट खाऊन टाकतात आणि प्रवाळांना, शिंपल्यांना कवचासाठी तेच हवं असतं.

आता माझी चूक. टाकीतल्या पाण्याचा सामू ८.२ होता, मला ७ हवा होता. थोडं पातळ आम्ल टाकलं, तासाभरात ६.९. समाधानाने झोपलो. सकाळी ८. पुन्हा टाकलं, पुन्हा ६.९, पुन्हा सकाळी ७.९. चार दिवस हाच खेळ. मला वाटलं मीटर बिघडलाय, म्हणून तो दोनदा कॅलिब्रेट केला. प्रत्यक्षात दरवेळी आम्ल बायकार्बोनेटला भिडून कार्बन डायऑक्साइड करत होतं, त्याने सामू उतरत होता. रात्री हवेच्या बुडबुड्यांबरोबर वायू उडून गेला की सामू वर. आणि दरवेळी बायकार्बोनेट थोडं थोडं खर्च होत होतं. पाचव्या दिवशी नेहमीएवढंच आम्ल टाकलं आणि सामू सरळ ४.८ वर गेला. पाणी स्वच्छ, काचेसारखं. मासे तळाशी कुशीवर.

क्षारता, म्हणजे पाण्यात आम्ल झेलायला उरलेलं बायकार्बोनेट, मोजायची पट्टी तेव्हाही कपाटात होती. तिच्यावर पहिल्या दिवशी एक नजर टाकली असती तर घसरण रोज दिसली असती. आता माझा क्रम ठरलेला आहे: आधी क्षारता, मग वेळ आणि तापमान लिहून सामू, मग अमोनिया. क्षारता बरी असेल आणि मासे खात-पीत असतील तर ८.२ ला हात लावायचा नाही. बदलायचंच असेल तर दर एक-दोन दिवसांनी टाकीतलं दहावा हिस्सा पाणी काढून हवं तसं पाणी हळूहळू भरायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजायचं, दिवे लावण्याच्या आधी.